पालथे पात्र आणि निर्बंधांचे कायदे
ब्रह्मदेशाच्या निमित्ताने बहिष्काराचा विचार

मालाडच्या पश्चिमेस मार्वे येथून तरीने खाडी ओलांडली की मनोरी गाव लागते. मनोरीवरून गोराईच्या बाजूस गेले म्हणजे जागतिक विपश्यना पॅगोड्याचा सुवर्णवर्णी घुमट दृष्टीस पडतो. १९९७ साली या वास्तूची आखणी सुरू झाली आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी तिचे उद्घाटन झाले. तिचा आकार रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यावरून घेतलेला आहे. मंडालेत जन्मलेले आचार्य सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले. ज्या देशाने विपश्यनेची परंपरा जतन केली त्या देशाविषयीची कृतज्ञता येथे दगडात उभी राहावी, ही त्यांची इच्छा होती. आमचे उपासक-उपासिका तेथे सहलीने जातात, घुमटाखाली काही काळ ध्यानास बसतात आणि संध्याकाळच्या तरीने परततात.

ज्या ब्रह्मदेशाची ही आठवण आहे, त्या देशाच्या नावाने गेल्या तीन दशकांत परदेशांच्या विधिमंडळांनी एकामागून एक कायदे केले. तेथील लष्करी सत्तेने लोकशाही व मानवी हक्क पायदळी तुडविले, म्हणून त्या सत्तेशी व्यापार करू नये, तिला कर्ज देऊ नये, तिच्या अधिकाऱ्यांना प्रवेश देऊ नये, असे या कायद्यांचे स्वरूप आहे. राजकारणाच्या भाषेत यास निर्बंध म्हणतात. आमच्या भाषेत त्याचे सरळ नाव बहिष्कार असे आहे.

हा शब्द आमच्या वाचकांना वेगळा सांगावा लागत नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या सभेचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा होते आणि ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' होते. ज्या समाजाने बहिष्काराचा मार पिढ्यानपिढ्या सोसला, त्याने बहिष्काराचे शस्त्र दुसऱ्या कोणाविरुद्ध न्याय्य मानावे काय? मानावे तर कोणत्या अटींवर? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करणार आहोत.

बाबासाहेब आणि ब्रह्मदेशाचा एक कायदा

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीचा अहवाल १९३० साली प्रसिद्ध झाला. आपले हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध सवर्ण कोणते शस्त्र वापरतात, याचे चित्र त्यात आले आहे. जमीन कसणाऱ्याची जमीन काढून घेतली जाते, मजुराची मजुरी बंद होते, गावकामाचे बलुते थांबते, वाणी मीठमिरची देत नाही, वाटेवरून जाणे-येणे अडविले जाते. मारहाणीची फिर्याद तरी करता येते. बहिष्काराची फिर्याद करता येत नसे, कारण 'मी माझा माल विकत नाही' असे म्हणणे हा गुन्हा नव्हता. महाडच्या चवदार तळ्यावरील २० मार्च १९२७ च्या प्रसंगानंतर कुलाबा जिल्ह्यातील आमच्या माणसांना याचा पुरेपूर अनुभव आला होता.

गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेबांनी व रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची जी योजना सादर केली, तीत म्हणून सामाजिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्याची मागणी होती. या मागणीचा मसुदा कोठून आला, हे फारसे सांगितले जात नाही. तो १९२२ च्या ब्रह्मदेश बहिष्कार-प्रतिबंधक कायद्यावरून, आवश्यक ते फेरफार करून घेतलेला होता आणि योजनेत तसे स्पष्ट नमूद केलेले आहे.

या कायद्याची जन्मकथा जाणून घेण्यासारखी आहे. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. १९२० नंतर तेथे राष्ट्रीय चळवळीने जोर धरला. भिक्खू ऊ ओत्तम यांच्यासारखे वक्ते खेडोपाडी फिरू लागले. गावोगावी देशाभिमानी संघ निघाले आणि सरकारशी सहकार्य करणाऱ्यांवर त्यांनी बहिष्कार घालण्यास प्रारंभ केला. त्या चळवळीस आळा घालण्यासाठी सरकारने हा कायदा केला. म्हणजे बलाढ्य सत्तेने आपल्या हस्तकांच्या रक्षणार्थ घडविलेले हे हत्यार होते. बाबासाहेबांनी तेच उचलले आणि गावाच्या सत्तेविरुद्ध दुर्बलाच्या रक्षणार्थ वळविले.

मसुद्यातील व्याख्या पाहिली म्हणजे त्यांची कायद्याची दृष्टी कळते. घर किंवा जमीन देण्यास, व्यवहार करण्यास, मजुरीवर काम देण्यास वा करण्यास, सेवा देण्यास अथवा घेण्यास नकार देणे, किंवा रीतीप्रमाणे चालत आलेले संबंध तोडणे, हा बहिष्कार होय. स्वतः बहिष्कार घालणे, इतरांस चिथावणे आणि धमकी देणे या तिन्हींस वेगवेगळी शिक्षा सुचविलेली होती. यासोबत एक अपवादही होता. प्रामाणिक कामगार-तंट्याच्या ओघात केलेली कृती आणि नेहमीच्या व्यापारी चढाओढीतील कृती या गुन्हा ठरणार नव्हत्या.

आमच्या मते हा अपवाद फार महत्त्वाचा आहे. मजुरांनी काम बंद ठेवणे हाही एका अर्थाने सहकार्यास नकार आहे. तो बाबासाहेबांनी गुन्ह्याबाहेर ठेवला. नकार ही कृती त्यांच्या लेखी स्वभावतः दुष्ट नव्हती. कोण कोणास, कशासाठी नकार देतो, यावर तिचा न्याय अवलंबून होता. माणसाने आपला हक्क बजावू नये म्हणून बलवानाने त्याची भाकर तोडणे निराळे आणि दुर्बलाने बलवानाच्या अन्यायात वाटेकरी होण्यास नकार देणे निराळे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही बाबासाहेबांनी बहिष्कारविरोधी तरतुदी पुन्हा मांडल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा संमत केला तो एप्रिल २०१६ मध्ये, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो अंमलात आला २०१७ साली. गोलमेज परिषदेतील मागणीस तोवर शहाऐंशी वर्षे लोटली होती.

विनयातील तीन प्रसंग

दुसरा आधार विनयपिटकाचा. तथागतांच्या संघात शारीरिक शिक्षा नव्हती. सहकार्य काढून घेणे एवढाच अधिकार संघाजवळ होता, आणि त्याच्या वापरास कडक नियम होते.

पहिला प्रसंग चुल्लवग्गातील वड्ढ लिच्छवीचा. मेत्तिय व भुम्मजक या भिक्खूंच्या सांगण्यावरून त्याने दब्ब मल्लपुत्त या निर्दोष भिक्खूवर खोटा आळ घेतला. चौकशीत आळ खोटा ठरला. तेव्हा भगवंतांनी संघास वड्ढापुढे पात्र पालथे घालण्याची, म्हणजे त्याच्याकडून दान न स्वीकारण्याची अनुज्ञा दिली. यास पत्तनिक्कुज्जन म्हणतात. ते कोणत्या आठ कारणांनी करता येईल हे सांगितलेले आहे. भिक्खूंची हानी करू पाहणे, त्यांना निवास मिळू न देणे, त्यांच्यात फूट पाडणे, बुद्ध, धम्म व संघ यांची निंदा करणे इत्यादी ती कारणे होत. ठराव संघापुढे रीतसर मांडावा लागतो. आनंदांनी हे वर्तमान सांगताच वड्ढ मूर्च्छित पडला. पुढे त्याने येऊन आपला दोष कबूल केला, तेव्हा संघाने पात्र पुन्हा उलथे केले.

दुसरा प्रसंग कोसंबीचा. तेथील भिक्खूंचा कलह विकोपास गेला, तथागतांचे सांगणेही त्यांनी ऐकले नाही आणि तथागत तेथून निघून गेले. तेव्हा कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना अभिवादन करू नये, त्यांच्या सन्मानार्थ उठू नये आणि भिक्षा घालू नये असे ठरविले. भिक्षा बंद होताच भिक्खू श्रावस्तीस गेले व कलह मिटला. या ठिकाणी निर्बंध घालणारे गृहस्थ आहेत आणि ज्यांच्यावर घातला ते पूज्य चीवरधारी आहेत. चीवर अंगावर आहे म्हणून कोणी लोकांच्या जाबापासून मुक्त होत नाही, हा महावग्गातील या कथेचा बोध आहे.

तिसरा प्रसंग छन्नाचा. महापरिनिब्बानापूर्वी तथागतांनी त्याला ब्रह्मदंड देण्यास सांगितले. त्याने वाटेल ते बोलावे, परंतु भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, उपदेश करू नये, एवढाच तो दंड. आनंदांनी कोसंबीच्या घोषितारामात तो सुनावला. पश्चात्तापाने छन्न एकांतात साधनेस लागला, अर्हत झाला, आणि त्याबरोबर दंडही संपला.

या प्रसंगांतून आम्हांस चार कसोट्या दिसतात. एक, दोष निश्चित आणि चौकशीने सिद्ध झालेला असावा. दोन, दंड दोषी व्यक्तीपुरता असावा, तिच्या आश्रितांवर पडू नये. तीन, परतीचा मार्ग आरंभीच मोकळा ठेवलेला असावा. चार, नकार देणाऱ्याने स्वतः काही सोसावे. पात्र पालथे घालणारा भिक्खू उपाशी राहण्याची तयारी ठेवून ते घालतो. आमच्या वस्तीची वाट अडविणाऱ्या गावाने असे कोणते उपोषण पत्करले होते?

राष्ट्रांचे बहिष्कार

या कसोट्या घेऊन आता राष्ट्रांच्या व्यवहाराकडे वळू. १९४६ च्या जुलैमध्ये हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. तेथील हिंदी लोकांच्या जमिनीच्या हक्कांवर घाला घालणारा कायदा नुकताच झाला होता. वंशभेदी राजवटीविरुद्ध असे पाऊल उचलणारा हा पहिला देश होय. आपल्या निर्यातीचा सुमारे पाच टक्के हिस्सा त्याने यासाठी सोडला. चौथी कसोटी येथे उतरते. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत दु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या गाऱ्हाण्याची प्रत मागविली होती. अस्पृश्यांचे गाऱ्हाणेही त्या व्यासपीठावर न्यावे असा त्यांचा विचार चालला होता. परदेशातील वर्णभेदाविरुद्ध उभे राहणाऱ्या देशात घरचा वर्णभेद शाबूत होता, हे त्या एका महिन्याने दाखविले.

कोकणपट्टीस दुसरे उदाहरण जवळचे आहे. मनोरी-गोराईचा हा भाग १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वसईच्या मोहिमेने तो सुटला, गोवा मात्र राहिला. स्वतंत्र भारताने १९५४-५५ पासून गोव्याची आर्थिक कोंडी केली, रेल्वे बंद झाली, मुंबईत राबणाऱ्या गोमंतकीयांनी घरी पाठवावयाच्या पैशांवर बंधने आली. पोर्तुगीज सत्तेने बाहेरून धान्य आणले, लोहखनिज परदेशी विकले आणि ती टिकून राहिली. मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या घरांना मात्र झळ बसली. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, लष्करी कारवाईने. दुसरी कसोटी डावलली म्हणजे काय होते, याचा हा घरचा दाखला आहे.

अमेरिकेत १९७४ साली सोव्हिएत संघाशी व्यापाराची सवलत तेथील नागरिकांच्या देशांतराच्या हक्काशी जोडणारा कायदा झाला. २ ऑक्टोबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून वंशभेदविरोधी सर्वंकष कायदा संमत झाला. निर्बंध कशाने उठतील याच्या पाच अटी त्यातच लिहिलेल्या होत्या. मंडेला व इतर राजबंद्यांची सुटका, आणीबाणी उठविणे, पक्षांवरील बंदी उठविणे, वंशभेदाचे मूलभूत कायदे रद्द करणे आणि वाटाघाटी या त्या अटी. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. १९९१ च्या जुलैमध्ये अध्यक्ष बुश यांनी अटी पूर्ण झाल्याचे सांगून निर्बंध उठविले. १९९४ च्या एप्रिलमध्ये सर्व वर्णांच्या मतदारांनी मतदान केले. केवळ या कायद्याने वंशभेद संपला असे म्हणणे तेथील जनतेच्या लढ्याचा अपमान ठरेल. परंतु ज्यांच्यासाठी निर्बंध होते त्या जनतेच्या चळवळीनेच ते मागितले होते, आणि परतीची वाट आरंभापासून स्पष्ट होती, हे विसरता येत नाही.

ब्रह्मदेश : भिक्खूंचे पात्र आणि वॉशिंग्टनचा कायदा

बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरमध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेस गेले, तेव्हा तेथे सहावी संगीती चालू होती व लोकनियुक्त शासन होते. १९६२ साली लष्कराने सत्ता घेतली. १९८८ च्या ऑगस्टमध्ये जनतेचा उठाव झाला, तो चिरडण्यात आला. २७ मे १९९० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षास ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या. लष्कराने सत्ता सोडली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंडालेतील गोळीबारानंतर भिक्खूंनी लष्करी कुटुंबांपुढे पात्र पालथे घातले. ऑक्टोबरमध्ये सैनिक विहारांत घुसले आणि भिक्खूंना बेड्या पडल्या.

अमेरिकेने १९९७ च्या मे महिन्यात ब्रह्मदेशातील नव्या गुंतवणुकीस बंदी केली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९६ साली केलेला स्वतंत्र कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००० साली रद्द ठरविला, कारण तो विषय संघराज्याचा होता. ३० मे २००३ रोजी देपायिन येथे सू ची यांच्या ताफ्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतर २८ जुलै २००३ रोजी ब्रह्मी स्वातंत्र्य व लोकशाही कायदा अस्तित्वात आला. त्याने ब्रह्मदेशातून येणारा सर्व माल अमेरिकेत आणण्यास बंदी केली.

याचा पहिला आघात रंगूनच्या शिवणकाम कारखान्यांवर झाला. तेथे खेड्यांतून आलेल्या तरुण मुली काम करीत. हजारोंची कामे गेली. याउलट समुद्रातील वायूचा व्यवहार चालू राहिला, कारण १९९७ ची बंदी केवळ नव्या गुंतवणुकीस होती आणि जुने करार तिच्याबाहेर होते. थायलंडला जाणाऱ्या वायूचा पैसा राजवटीस मिळत राहिला. २००८ साली रत्ने व जेड यांच्या आयातीवर, ती तिसऱ्या देशातून आली तरी, बंदी घालणारा कायदा झाला. त्याच्या एका मसुद्यात वायू-उद्योगातील अमेरिकन कंपनीच्या सवलतीस हात घातला होता. अंतिम कायद्यात तो भाग उरला नाही. शिवणयंत्रावरील मुलीची रोजी गेली, वायूची नळी मात्र वाहती राहिली. आमच्या दुसऱ्या व चौथ्या कसोटीवर हा कायदा उतरत नाही. सू ची यांनी व त्यांच्या पक्षाने स्वतः निर्बंधांचा पुरस्कार केला होता हे आम्ही जाणतो. त्यामुळे निर्बंधांचा हेतू परका ठरत नाही. परंतु त्यांचा बोजा कोणावर पडावा, हे ठरविताना कमजोर खांदाच निवडला गेला, हा आक्षेप राहतोच.

आता त्याच देशातील भिक्खूंची कृती पाहा. २००७ च्या ऑगस्टमध्ये इंधनाचे भाव एकदम वाढविले गेले. ५ सप्टेंबर रोजी पकोक्कू येथे सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. भिक्खूंनी क्षमायाचनेसाठी मुदत दिली. ती उलटली तेव्हा १८ सप्टेंबरपासून रीतसर ठराव करून पत्तनिक्कुज्जन जाहीर केले. भर पावसात हजारो भिक्खू पालथी पात्रे घेऊन श्वेडगॉनच्या परिसरातून निघाले. सामान्य उपासकाचे दान त्यांनी नाकारले नाही. नाकारले ते लष्करी अधिकाऱ्यांचे. दोष ठरलेला, मुदत दिलेली, दंड दोषी पक्षापुरता, परतीची वाट मोकळी आणि सोसणे स्वतःचे. चारही कसोट्या येथे पूर्ण होतात. २६ सप्टेंबरपासून राजवटीने त्याला लाठी व गोळीने उत्तर दिले.

भारत सरकारने या काळात शेजाराचे धोरण म्हणून राजवटीशी संबंध ठेवले. २०१० च्या जुलैमध्ये लष्करशहा थान श्वे भारतात आले आणि बोधगयेस गेले. ज्यांच्यापुढे त्यांच्याच देशातील संघाने पात्र पालथे घातले होते, त्यांना आमच्या भूमीवर महाबोधीचे दर्शन सन्मानाने घडले. त्या वेळी आमच्या संस्थांनी, विहारांनी, आम्ही लेखन करणाऱ्यांनी कितीसा निषेध नोंदविला? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारतो.

चीवराचीही चौकशी

येथवर थांबलो तर लेख सोयीचा होईल, खरा होणार नाही. २०१० मध्ये सू ची सुटल्या, २०१२ पासून निर्बंध सैल झाले आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्यांची चौकट बहुतांशी मोडली. परतीच्या वाटेचा दरवाजा उघडला, तो चौकशीआधीच. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्या मुसलमानांना राष्ट्रहीन केले होते. २०१५ साली भिक्खूंच्याच एका संघटनेच्या आग्रहाने वंश व धर्म यांच्या संरक्षणाचे चार कायदे झाले, त्यांत बौद्ध स्त्रीच्या आंतरधर्मीय विवाहावर नियंत्रण ठेवणारा एक होता. २०१७ च्या ऑगस्टनंतर लष्कराच्या कारवाईने सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात परागंदा झाले. मुसलमानांच्या दुकानांतून खरेदी करू नका असा प्रचारही चीवरधारी करीत होते.

हा बहिष्कार स्टार्ट समितीने वर्णिलेला बहिष्कार आहे, हे ओळखण्यास आम्हांस क्षणही लागू नये. जातिभेद मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह होय, असे सांगणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी विवाहावर पहारा ठेवणाऱ्या कायद्याचे समर्थन करू शकत नाहीत, मग तो कोणत्याही बौद्ध देशाने केलेला असो. कोसंबीच्या उपासकांनी जे चीवरधाऱ्यांस सुनावले, ते आम्हांसही सुनावता आले पाहिजे.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. या वेळचे अमेरिकन निर्बंध अधिक नेमके होते. सरसकट आयातबंदीऐवजी सेनाधिकारी, लष्कराच्या मालकीच्या दोन मोठ्या कंपन्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून सरकारी तेल-वायू मंडळाचे आर्थिक व्यवहार लक्ष्य करण्यात आले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ब्रह्मदेशविषयक नवा कायदाही झाला. दोष करणाऱ्यापुरता दंड, या विनयाच्या तत्त्वाजवळ हा कायदा उशिरा का होईना आला. परंतु शेजारी देश शस्त्रे विकत राहिले तर एकट्याचे पात्र पालथे घालून भागत नाही. संघकर्म हे संघाचे असते, ते यासाठीच.

निष्कर्ष

आमचा निष्कर्ष साधा आहे. बहिष्कृतांनी बहिष्कार या शब्दास भिऊन न्याय्य असहकाराचा त्याग करू नये, आणि लोकशाहीचे नाव ऐकून प्रत्येक निर्बंधास टाळीही देऊ नये. कायदा कोणत्याही विधिमंडळाचा असो, त्याला बाबासाहेबांच्या मसुद्यातील प्रश्न विचारावा : कोणाची भाकर तुटते आणि कोणाचा हक्क वाचतो? आमच्या विहारांतील अभ्यासवर्गांनी गोलमेज परिषदेपुढील ती योजना आणि चुल्लवग्गातील पत्तनिक्कुज्जनाचे प्रकरण शेजारी-शेजारी ठेवून वाचावे, ही विनंती आहे. मनोरीच्या तरीने पॅगोडा पाहावयास जाणाऱ्या मुलांना त्या घुमटाचा मूळ नमुना दाखविताना, त्याच्या परिसरातून पालथी पात्रे घेऊन चाललेल्या भिक्खूंचे वृत्तही सांगावे. आणि त्याच देशातून हाकलल्या गेलेल्या सात लाख माणसांचेही.